तीन मीटरच्या आत

१२ ऑगस्ट

मोजणी खात्यातून निवृत्त झालो तेव्हा तीन कोऱ्या नोंदवह्या घरी आल्या. बारीक चौकटींच्या, पावसात न भिजणाऱ्या. माझी बायको रायना म्हणायची, "चोरीचा माल आहे, निदान वापर तरी." आज पहिली उघडली.

९ सप्टेंबरला तिला जाऊन सहा महिने होतील. इथल्या रिवाजाप्रमाणे तिचा फोटो छापून शोकपत्रके लावायची आहेत. फाटकावर, चर्चच्या दारावर, बसथांब्यावर आणि बेकरीसमोरच्या अक्रोडावर. चाळीस दिवसांच्या पत्रकावर तिचा ओळखपत्रावरचा फोटो छापला होता. त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. तीस वर्षे तिने नगरपालिकेच्या स्टुडिओत बसून अख्ख्या कालोफेर गावाचे फोटो काढले. लोकांच्या नाकावरचे डाग पुसले, डोळे मिटले असतील तर पुन्हा बसवले. स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. ते पत्रक तिने पाहिले असते तर काढून माझ्या कपाळावर चिकटवले असते.

या वेळी चांगला फोटो लावायचा. एवढे एक काम मला नीट करायचे आहे.

मुलगी वार्नाहून फोनवर म्हणाली, "बाबा, मी दिलेल्या कॅमेऱ्यात बघा ना, असेल एखादा." बघतो म्हटले. कॅमेरा मार्चपासून कपाटात आहे.

१४ ऑगस्ट

बॅटरी भरून घेतली. कॅमेऱ्यासोबत जी लेन्स आली होती ती रायनाने पहिल्याच आठवड्यात मुलीला परत पाठवली होती. "ही सगळं आपलं आपणच ठरवते. घरात एक सासू होऊन गेली, पुरे." आणि तिची स्टुडिओतली जुनी रशियन हेलिओस लेन्स तिने एका कडीच्या मदतीने या नव्या कॅमेऱ्याला जोडली. सगळे हाताने करावे लागते. उजेडाचा अंदाज आपला, स्पष्ट-अस्पष्ट बघणे आपले. कॅमेरा बिचारा लेन्सच नाही म्हणून कुरकुर करत राहतो.

लेन्सच्या चामडी डब्यात तिच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली.

१. चक्री एम वर.
२. लेन्सचे कडे पूर्ण उघडून नेम धर, मग बंद कर. अंधारेल, घाबरू नकोस.
३. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. पुढे-मागे झुकून तीन काढ.
४. डोंगर कुठे पळून जात नाहीत.

चौथी सूचना उजेडासंबंधी असावी.

जुने फोटो बघण्याचे बटण दाबले नाही. आधी हात बसू दे म्हटले. अंगणात उभा राहून बोतेव शिखर काढले, वरच्या मनोऱ्यासह. बारा वेळा काढले. बाराही वेळा दूध सांडल्यासारखे आले.

भिंतीवरून त्सोनाबाईंचे डोके वर आले. तीस वर्षे भिंतीला भिंत, पण मला नावाने हाक नाही. "कोमशू" एवढेच, जसे काही गावात शेजारी मी एकटाच. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या म्हणून अरे-तुरे.

"काय रे कोमशू, डोंगर हलला की तू?"

"लेन्समध्ये काहीतरी बिघाड आहे."

"लेन्स चांगली आहे. तिने माझं लग्न काढलंय, माझ्या नवऱ्याचं दफन काढलंय. दोन्ही स्पष्ट आलं. दफन जास्त चांगलं आलं."

१७ ऑगस्ट

कारण सापडले. जोडणाऱ्या कडीत एक लहान गोल भिंग असायचे, आट्यांवर बसवलेले. त्याच्यामुळेच लांबचे दिसते. आता तिथे नुसती खाच आहे. भिंग पडले असते तर फुटून काचा निघाल्या असत्या. हे कुणीतरी नीट फिरवून काढल्यासारखे आहे. मीच कधी पुसायला काढून कुठे ठेवले असेन. हिवाळ्यात मी काय काय केले ते मला आठवत नाही.

टेप लावून पाहिले. तीन मीटर वीस सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट, पुढे सगळे दूध. म्हणजे डोंगर गेला, चर्चचा घुमट गेला, नदी गेली. मला जे जे काढायला आवडते ते सगळे गेले. उरली फक्त माणसे, आणि तीही जवळ येऊन.

त्सोनाबाईंना हे सांगितले तर त्यांनी दुःख केले नाही.

"मग मला काढ."

"कशाला?"

"पत्रकासाठी. मी मेले की माझी बहीण तो ओळखपत्रावरचा लावेल. त्यात मी कैदी दिसते. रायनाने कबूल केलं होतं मला. ती गेली, आता तुझ्यावर आलं."

मेलेल्या बायकोने दिलेला शब्द कसा मोडणार? अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली खुर्ची ठेवली. अंतर तीन मीटर. त्या काळा झगा आणि स्वतः विणलेली पांढरी लेसची कॉलर घालून आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "इतक्या लांबून काय, मी काय तोफ आहे?"

लेन्स पूर्ण उघडून नेम धरताना माणसाच्या डोळ्यांत बराच वेळ बघावे लागते. हे मला कुणी सांगितले नव्हते. चाळीस वर्षे मी दुर्बिणीतून फक्त मोजणीचे दांडे पाहिले. दांडा उलट बघत नाही.

२१ ऑगस्ट

त्सोनाबाईंनी बोभाटा केला. आज तीन बायका आल्या. एकीने नातवाच्या लग्नातला निळा पोशाख घातला होता. दुसरीने विचारले, पत्रकावर सुरकुत्या कमी करता येतात का. मी म्हटले, लेन्स जुनी आहे, कडे पूर्ण उघडले की सगळे जरा मऊच येते. "मग पूर्ण उघड," ती म्हणाली, "आणि मग बंद करू नकोस."

तिसरी फोटो निघेपर्यंत रडत होती आणि निघाल्यावर विचारत होती, "दात दिसले का? नवे आहेत."

सगळे तीन मीटरच्या आत. संध्याकाळी डोके दुखत होते, पण वाईट नाही दुखत.

२४ ऑगस्ट

चीज घातलेल्या बानित्साची रिकामी थाळी परत करायला त्सोनाबाईंकडे गेलो. त्या खिडकीशी लेस विणत होत्या, उशीवर लाकडी रिळांचा खडखडाट. शेजारी बटणांचा पत्र्याचा डबा उघडा होता. बटणांमध्ये काहीतरी गोल चमकले म्हणून वाकलो, तर त्यांनी झाकण लावले. माझे बोट मध्ये होते.

"बायकांच्या बटणांत तुझं काय काम?"

सोन्याचे जुने नाणे असणार. वय झाले की माणसे काय काय लपवतात. मला काय करायचे आहे त्यांच्या सोन्याशी?

त्यांना दुसरा फोटो हवा आहे. पहिल्यात त्या "मेल्यासारख्या" आल्या म्हणे. मी म्हटले, हेतू तोच होता ना. बऱ्याच दिवसांनी मी काहीतरी बोललो आणि समोरचे माणूस हसले. दुपारी काढला. अंतर आज दोन मीटर साठ. मी खुर्ची तीनवर ठेवली होती.

२७ ऑगस्ट

मागे जायचे बटण दाबले.

गेल्या जुलैमधले अकरा फोटो. याच मांडवाखाली, बाकावर रायना आणि त्सोनाबाई. मीच काढलेले. तिने कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हटले होते, "शीक आता." आजार अजून कळला नव्हता. मला तरी नव्हता.

सातव्यात ती हसते आहे. तोंड जरा उघडे, कुणाला तरी टोमणा मारण्याच्या आधीचे. कॅमेऱ्याची पाठ काडेपेटीएवढी, पण तेवढ्यातही ती तीच. बराच वेळ बघत बसलो. नंतर भाजी जळल्याचा वास आला.

फोटो मिळाला.

२ सप्टेंबर

कार्लोवोच्या अंत्यसंस्काराच्या दुकानात कॅमेऱ्यातले कार्ड पाठवले. ते छापतात आणि त्यांचाच माणूस येऊन गावात चिकटवून जातो. फोनवरची मुलगी नवी होती.

"सात नंबरच्या फोटोत दोन आज्जी आहेत काका. कुठली घ्यायची?"

मला वर्णन करता येईना. डावी-उजवी सांगावी तर बघणाऱ्याची की त्यांची? पांढरे केस दोघींचे. मी म्हटले, "जी स्पष्ट आहे ती. मी तिच्यावरच नेम धरला होता."

"बरं. जी स्पष्ट आहे ती."

सोपे झाले.

९ सप्टेंबर

हे लिहावे की नाही, ठरत नाही. लिहितो.

सकाळी थडग्यावर गेलो. उकडलेले गोड गहू वाटले, वाईन ओतली, पाद्री आले, बरे झाले सगळे. त्सोनाबाई पाय दुखतो म्हणून घरी राहिल्या होत्या. परत येतो तर माझ्या फाटकाशी सात-आठ माणसे. कुणी रडत नव्हते. बेकरीवाला ओठ चावत होता.

फाटकावर पत्रक. काळी चौकट, क्रॉस. "सहा महिने झाले. आमची लाडकी रायना. तुझ्यावाचून घर सुने." आणि मधोमध, पांढऱ्या लेसच्या कॉलरीत, प्रत्येक टाका मोजता येईल इतक्या स्पष्ट, त्सोनाबाई.

बेकरीवाला म्हणाला, "बोझिदारदादा, सहाच महिन्यांत बायको बदललीस?"

सगळे हसले. मीही हसलो असे लोक म्हणतात.

एवढ्यात खालून किंचाळी आली. त्सोनाबाईंची बहीण कार्लोवोहून बसने उतरली होती. थांब्यावर बहिणीचा चेहरा काळ्या चौकटीत. नाव वाचायला थांबली नाही. डोक्यावरच्या रुमालाचे टोक डोळ्यांना लावून चढण चढत आली आणि रडत रडत म्हणत होती, "अगं माझ्या बाई, मला न सांगता गेलीस! आणि तो चांदीचा कमरपट्टा कुणाला दिलास गं!"

त्सोनाबाई आपल्या फाटकात उभ्या.

"कुणाला नाही. कमरेलाच आहे."

बहीण तिथेच पायरीवर बसली. तिला राकिया पाजावी लागली. दोन घोट झाल्यावर ती जिवंत बहिणीवर चिडली, की इतका खर्च करून आले ते फुकट.

दुपारपर्यंत त्सोनाबाईंकडे अकरा माणसे येऊन गेली. चष्मे घरी विसरलेली. त्यांनी एकालाही फाटकातून परत पाठवले नाही, सगळ्यांना आत घेतले, कोण रडले आणि कोण नुसते नाक ओढत होते ते पाहिले. औषधाच्या दुकानातल्या बाईने त्यांच्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देऊन टाकल्या, त्याबद्दल मात्र त्या रागावल्या.

मी पत्रके काढायला निघालो. फाटक, चर्च, अक्रोड. थांब्यापाशी त्सोनाबाई आडव्या आल्या.

"हे राहू दे. इथे उजेड चांगला पडतो माझ्यावर."

"त्यावर रायनाचं नाव आहे."

"मग? मी तिच्या नावाला काही बट्टा लावलाय का?"

मी काढले. घरी आल्यावर दार लावून घेतले. एकच काम नीट करायचे होते. तिच्या नावावर दुसऱ्या बाईचा चेहरा लावून गावभर फिरवला.

१० सप्टेंबर

दुकानातून कार्ड परत आले. आमच्या मुलीने फोनवर सांगितले तसे फोटो मोठे करून पाहिले. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक बटण आहे, दाबत गेले की माणूस जवळ येतो. अकराही फोटोंत तेच. त्सोनाबाईंची पापणी न् पापणी. रायना धुक्यात.

मी नेम रायनावर धरला होता, शपथेवर सांगतो. डोळा लावून बघताना ती स्पष्ट होती. पण या नव्या कॅमेऱ्यांची काच खोटे बोलते. जुनी लेन्स पूर्ण उघडी असताना डोळ्याला दिसते त्याहून कितीतरी कमी पट्टा खरोखर स्पष्ट येतो. म्हणून तिसरी सूचना. डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस.

गणित मांडले. दोन मीटरवर स्पष्ट पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटर. बाकाच्या पाठीवरच्या फळ्या मोजल्या तर रायना त्सोनाबाईंच्या मागे वीत-दीड वीत. पण बाक सरळ आहे. दोघी बरोबरीने बसल्या होत्या. मला आठवते, मीच बसवले होते.

ओळखपत्रावरचा सोडला तर एकही स्पष्ट फोटो नाही. तीस वर्षांच्या संसारात, कॅमेरेवालीच्या घरात, एकही नाही.

१३ सप्टेंबर

त्सोनाबाईंना विचारायला गेलो. त्या लेस विणत होत्या. वर बघितले नाही.

"ती मागे रेलायची. तू बटण दाबायला लागलास की रेलायची. तुझा श्वास थांबतो ना त्या वेळी, लांबूनसुद्धा ऐकू येतं. मग ही मागे."

"अकराही वेळा?"

"तीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढलेली बाई. तिला बोटभर कळायचं कुठपर्यंत दिसतं आणि कुठून दिसत नाही. स्टुडिओच्या सहलींच्या फोटोंत बघ. सगळ्यांत आहे ती. मागे, धुक्यात."

"पण का?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, मला तो बघतोच गं. आता जरा दुसरं काही नीट बघायला शिकू दे." एक रीळ गाठीत अडकले होते ते त्यांनी सोडवले. "मी म्हटलं, आणि मला पुढे का बसवतेस? तर हसली मेली."

मी घरी येऊन विचार केला. बहुधा लेसच्या बारीक टाक्यांवर लेन्सची परीक्षा घ्यायची असेल. स्टुडिओवाले तसे करतात.

पण एक गोष्ट खरी. फोटो बिघडलेला नाही. ती जशी होती तशीच आली आहे. सापडता सापडता मागे सरणारी.

१६ सप्टेंबर

कार्लोवोला फोन केला. नव्या मुलीने आधी चार वेळा माफी मागितली, मग भांडायला लागली.

"काका, पण या दुसऱ्या आज्जी धूसर आहेत. हललेला फोटो आहे."

"हललेला नाही. रेललेला आहे."

"लोक म्हणतील आमचं मशीन खराब आहे."

"मी सांगेन लोकांना."

"काका, कुणी ओळखणार नाही हो!"

"छापा," मी म्हटले. इतक्या मोठ्याने मी फोनवर पूर्वी कधी बोललो नव्हतो.

१८ सप्टेंबर

या वेळी मी स्वतः चिकटवली. पिठाची खळ केली. चर्चपासून सुरुवात केली म्हणजे घाबरायचे ते आधीच घाबरून होईल.

अक्रोडाखाली बेकरीवाला हातातले पाव काढायचे फावडे घेऊनच बाहेर आला. मी तयार होतो. तो बघत राहिला. धुरातून यावे तसे पांढरे केस, उघडे तोंड, बाकी सगळे विरघळलेले.

"आता बोलणार ती," तो म्हणाला. "'तुझा पाव काल कच्चा होता' असं. बघ, आलंच तोंडात."

औषधवाली म्हणाली, "अय्या, रायना!" पाद्रींनी टोपी काढली आणि हसू दाबले, कारण तिने त्यांच्या दीक्षेच्या फोटोत त्यांना पायाच्या बोटांवर उभे केले होते. संध्याकाळपर्यंत एकानेही विचारले नाही की ही कोण. स्पष्ट फोटोवर अख्खे गाव फसले. धूसर फोटोला सगळ्यांनी लगेच ओळखले. आमच्या खात्यात ही नोंद कुणी मान्य केली नसती.

सर्वांत शेवटी फाटकावर लावले. खळ वाळेपर्यंत हाताने धरून उभा राहिलो. मग उगाच अजून थोडा वेळ.

नंतर पुन्हा थांब्यावर गेलो तेव्हा तिथे त्सोनाबाईंचे जुने पत्रक पुन्हा लागलेले होते. मी काढून घरी ठेवले होते ते कुणी नेले? खाली नाव खोडून पेन्सिलीने लिहिले आहे, "अजून नाही."

२९ सप्टेंबर

हवा स्वच्छ. शिखरावर पहिला बर्फ, मनोरा सुईसारखा. हळहळ वाटली. त्सोनाबाई चौथ्या फोटोसाठी बसल्या होत्या. तिसऱ्यात कॉलर वाकडी होती म्हणे. त्यांना विचारले, रायनाने शेवटी शेवटी एखादे लहान गोल भिंग कुठे ठेवल्याचे तुम्हाला आठवते का.

"मिळालं तर काय करशील?"

"शिखर काढीन."

"आणि मग आम्हाला?"

"तुमचे तर आता चार झाले."

"मग नाही आठवत," त्या म्हणाल्या. "नेम धर."

नेम धरला. पुढे-मागे झुकून तीन काढले. त्यांचे डोळे करडे आहेत, मधे मधाचे ठिपके. तीस वर्षे शेजारी राहून मला ते काळे वाटत होते. त्या मागे रेलत नाहीत.

नंतर सवयीने टेप लावला. एक मीटर सत्तर. खुर्ची मी नेहमीसारखी तीनवर ठेवली होती. ऑगस्टपासूनच्या नोंदी काढून पाहिल्या: तीन, दोन साठ, दोन दहा, एक सत्तर. दर वेळी खुर्ची माझ्याकडे सरकते आहे. अंगणाला उतार असावा. उद्या पाणसळ लावून बघतो.

३० सप्टेंबर

पाणसळ लावली. उतार आहे, पण त्सोनाबाईंच्या भिंतीकडे. खुर्ची सरकलीच तर माझ्यापासून लांब जायला हवी.

परत मोजले. तेच. उद्या त्या पाचव्या फोटोला येणार आहेत. मी खुर्ची दोनवर ठेवेन, म्हणजे त्यांना ओढायला फार लांब पडणार नाही.